आजोबांच्या छापखान्यातले देवनागरी खिळे भंगारात द्यावेत का?

कृष्णाकाठ

नमस्कार. मिरजेत आमच्या आजोबांचा लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका, जत्रेची हस्तपत्रके, सहकारी सोसायट्यांचे कोरे अर्ज, दुकानांची बिलबुके आणि निवडणुका आल्या की उमेदवारांची पत्रके अशी कामे तेथे होत असत. ऑफसेट आणि संगणकावरची अक्षरजुळणी आमच्या भागात आल्यावर कामे आटत गेली, आणि आजोबांच्या पश्चात छापखाना बंदच राहिला. आता ती भाड्याची जागा मालकाला परत करायची असल्यामुळे आतल्या सामानाचा निर्णय घेणे भाग आहे.

पायाने चालवायचे एक ट्रेडल यंत्र, घडवंचीवर रचलेल्या खिळ्यांच्या (म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांच्या) लाकडी केशी (लहान लहान घरे असलेले खण), दोऱ्याने बांधून ठेवलेल्या आणि कधीच न उघडलेल्या खिळ्यांच्या काही पुड्या, जाहिरातींसाठी वापरले जाणारे मोठे लाकडी खिळे, गणपती, कलश आणि वाजंत्री यांचे ब्लॉक, आणि आजोबांनी छापलेल्या कामांची एकेक प्रत चिकटवून तयार केलेली एक जाडजूड वही, असे हे सामान आहे. काही केशींमधल्या खिळ्यांवर पांढरी भुकटी जमली आहे. वहीचा कणा सुटला आहे, पाने पिवळी पडून कडांनी मोडत आहेत, आणि मध्ये कोणीतरी फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावून ठेवली आहे.

भंगारवाल्याने शिशाचा किलोचा भाव सांगितला असून घरच्यांचा कल सामान त्याला देण्याकडे आहे. माझे मन तयार होत नाही, परंतु नुसत्या हळहळीवर मला घरच्यांशी बोलता येणार नाही. हे खिळे कोणत्या प्रकारचे आहेत हे कसे ओळखावे, त्यांचा आज कोणाला खरोखर उपयोग आहे का, आणि वही वाचवण्यासाठी घरी काय करता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे. घरातल्या कोणालाही खिळे जुळवता येत नाहीत, त्यामुळे उत्तर अगदी मुळापासून दिले तरी चालेल.

जुना जुळारी

माझी हयात खिळे जुळवण्यात गेली, त्यामुळे आधी एक विनंती करतो: भंगारवाल्याला थोडे थांबवा आणि कोणतीही केस जागची हलवण्यापूर्वी तिचा वरून, सरळ, चांगल्या उजेडात फोटो काढा. केशीतली घरे वर्णमालेच्या क्रमाने लावलेली नसतात. काना, र, त, न, य अशी जी अक्षरे सतत लागतात त्यांची घरे मोठी आणि हाताशी असतात, तर क्वचित लागणारी जोडाक्षरे कडेच्या लहान घरांत असतात. ही मांडणी छापखान्यागणिक थोडी बदलत असे, आणि तुमच्या आजोबांची मांडणी आता फक्त त्या केशींतच शिल्लक आहे. केस एकदा उलटी झाली की त्या खिळ्यांची खिचडी निवडायला अनुभवी माणसालाही फार वेळ लागतो.

खिळे म्हणजे शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा मिश्रधातू. भंगारवाल्याला त्यातल्या धातूशीच मतलब आहे, आणि त्याच्या दृष्टीने पूर्ण संच आणि अर्धा संच यांत फरक नाही. छापणाऱ्याच्या दृष्टीने मात्र सगळा फरक तेथेच आहे. रोमन लिपीतला एखादा खिळा हरवला तर दुसऱ्या केशीतून भागवता येते, पण मराठीच्या संचातून रफार किंवा ‘क्ष’ संपला की सबंध संच अडून बसतो. म्हणून प्रत्येक केशीतली कोणती घरे रिकामी आहेत याची नोंद आधी करा.

खिळे ओळखायचे तर एक खिळा बोटांत धरून त्याच्या अंगाकडे पाहा. एका बाजूला आडवी खाच दिसेल. जुळारी तीच खाच अंगठ्याने चाचपून, न पाहता, खिळा सरळ आहे की उलटा हे ओळखत असे, कारण स्टिकमध्ये, म्हणजे हातात धरायच्या जुळणीच्या पट्टीत, ओळ डावीकडून उजवीकडे पण अक्षरे उलटी, डोक्यावर उभी ठेवून जुळवली जाते. एकाच संचातल्या सगळ्या खिळ्यांची खाच एकाच ठिकाणी आणि सारख्याच संख्येने असते. ओळीत मांडल्यावर एखाद्याची खाच वर किंवा खाली गेलेली दिसली तर तो परक्या संचातला आहे असे समजावे. त्यानंतर अंगाची जाडी मोजा. पायका या मापाचा खिळा १२ पॉइंटांचा, म्हणजे इंचाचा सहावा भाग, साधारण ४.२ मिलिमीटर असतो. तळापासून अक्षराच्या तोंडापर्यंतची उंची मात्र लहानमोठ्या सर्व खिळ्यांची एकच, सुमारे २३.३ मिलिमीटर असावी लागते, नाही तर काही अक्षरे उमटतात आणि काही कोरी राहतात.

आता मुख्य प्रश्न, संच अखंड आहे की डिग्रीचा. अखंड पद्धतीत अक्षर पूर्ण जाडीच्या अंगावर असते आणि कु, कू यांसारखी रूपे एकाच खिळ्यावर ओतलेली असतात, त्यामुळे घरांची संख्या फार वाढते. डिग्रीच्या पद्धतीत अक्षराचे अंग कमी जाडीचे ठेवून वरच्या मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि खालचे उकार वेगळ्या लहान खिळ्यांनी थर देऊन बसवतात. तुमच्याकडे नुसत्या उकारांची किंवा मात्रांची बारीक, कमी जाडीची खिळी ढिगाने असतील तर संच डिग्रीचा आहे. त्यांना जपून हात लावा, कारण बाहेर झुकलेले टोक एकदा मोडले की तो खिळा कायमचा गेला.

बांधलेल्या पुड्या उघडू नका. ओतशाळेतून आल्या तशाच त्या राहिल्या असतील तर त्यावरच्या चिठ्ठीवर नाव, माप आणि वजन असण्याची शक्यता आहे, आणि आतले खिळे एकदाही शाई न लागलेले असतील.

पांढरी भुकटी ही शिशाची आहे आणि विषारी आहे. फुंकर मारू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका. हातमोजे आणि मास्क घालून ते खिळे वेगळ्या डब्यात काढा, लहान मुलांना तेथे येऊ देऊ नका आणि काम झाल्यावर हात स्वच्छ धुतल्याशिवाय काहीही खाऊ नका. बाकीचे खिळे रॉकेलमध्ये भिजवलेल्या ब्रशने पुसून पूर्ण वाळवले की पुरते.

अक्षररेखा

वरचा प्रतिसाद इतका नेमका आहे की ओळखीविषयी मला फारशी भर घालायची नाही. फक्त पुसण्याआधी खिळ्यांचे कागदावर ठसे घ्यावेत असे सुचवीन. खिळ्यांचा आज कोणाला उपयोग आहे, या तुमच्या प्रश्नाविषयी मात्र सविस्तर लिहिते, कारण घरच्यांपुढे तोच मुद्दा येणार आहे.

आज संगणकावर वापरली जाणारी बहुतेक देवनागरी अक्षरवळणे ज्या परंपरेतून आली, तिचा मोठा भाग मुंबईत घडला. अमेरिकन ख्रिस्ती मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे ठसे, म्हणजे ज्यांवरून खिळ्यांचे साचे करतात ते पोलादी नमुने, कोरले. त्याच छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर (दगडावरून छापण्याच्या पद्धतीने) मराठी पंचांग छापले आणि पुढे स्वतःचे खिळेही तयार केले. ग्रॅहम यांच्या हाताखाली तयार झालेल्या जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये अक्षरओतशाळा आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरच्या ज्या अक्षरांनी संस्कृत आणि मराठी वाचकांच्या पिढ्यांचे डोळे घडवले, त्यांचे ठसे राणोजी रावजी आरू यांनी कोरले होते. जावजींचे नाव सर्वांना माहीत असते, आरूंचे फार थोड्यांना. पोलादाच्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, ते पोलाद कडक करून तांब्याच्या तुकड्यात ठोकायचे आणि त्या खोलगट साच्यात धातू ओतून खिळा काढायचा, या साखळीतले सर्वात अवघड काम त्यांचे होते, आणि अक्षराचे सौंदर्य त्यांच्याच हाताने ठरले. मला ही गोष्ट मनापासून लागते.

अशा ओतशाळांचे खिळे महाराष्ट्रातल्या लहान लहान गावांत पोचले. मूळ पोलादी ठसे आणि तांब्याचे साचे पुष्कळ ठिकाणी नाहीसे झालेले असताना, एखाद्या वळणाचा शेवटचा पुरावा तालुक्याच्या छापखान्यातल्या केशीतच उरलेला असू शकतो. अक्षररचना शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना छापील पुस्तकांवरून वळण कळते, पण शाई पसरल्यामुळे आणि कागद दबल्यामुळे त्याची खरी कड कळत नाही. ती धातूवर भिंगातून पाहावी लागते.

शिवाय देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा प्रश्न कित्येक दशके चर्चेत होता. कान्याची अक्षरे अर्धी ओतून काना वेगळा जोडणे हा एक मार्ग होता, आणि लोकमान्य टिळकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रश्नात लक्ष घालून खिळ्यांची संख्या १९० पर्यंत खाली आणणारी योजना आखली होती. तुमच्या केशींत किती वेगवेगळे खिळे आहेत, कोणती जोडाक्षरे अखंड आहेत आणि कोणती अर्ध्या रूपांतून जोडावी लागतात, ही यादीसुद्धा अभ्यासकांच्या दृष्टीने मोलाची आहे.

म्हणून, संच कोठेही गेला तरी त्याआधी प्रत्येक केशीतल्या प्रत्येक अक्षराचा एकेक ठसा कागदावर घ्यावा. त्यासाठी यंत्र लागत नाही. जाड काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर प्रत्येक घरातला एकेक खिळा ओळीने उभा करा, चारही बाजूंनी लाकडी पट्ट्या लावून दोऱ्याने घट्ट बांधा, छपाईची काळी शाई लहान रबरी रुळाने अगदी पातळ फिरवा, वर पातळ कागद ठेवा आणि चमच्याच्या पाठीने गोलाकार घासा. पहिले दोन ठसे बहुधा फार काळे येतील, त्यानंतर कड स्वच्छ दिसू लागेल.

त्या ठशात शिरोरेषेकडे लक्ष द्या. शिरोरेषा प्रत्येक खिळ्यावर तुकड्यातुकड्याने असते आणि शेजारच्या खिळ्याला टेकूनच अखंड दिसते. खिळा वापरून झिजला की सर्वात आधी तिची टोके गोल होतात, आणि छपाईत दोन अक्षरांमध्ये केसाएवढी फट दिसू लागते. फट सगळीकडे सारखी असेल तर संच झिजलेला आहे. रेषा मध्येच पायरीसारखी वरखाली होत असेल तर दोन निरनिराळ्या ओतशाळांचे खिळे मिसळले आहेत. रेषा सलग आली तर संच अजून छापण्याजोगा आहे आणि तो वितळवणे हे मोठे नुकसान ठरेल.

जाता जाता, तुमच्या गावाचा या विषयाशी जुना संबंध आहे. मिरजेचे गंगाधरराव पटवर्धन यांनी १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापवून घेतली होती. ती खिळ्यांची छपाई नव्हे, परंतु मराठी मुलखातल्या देवनागरी मुद्रणाच्या अगदी आरंभीच्या कामांत तिची गणना होते.

जुजबंदी

मी जुन्या पुस्तकांची बांधणी आणि दुरुस्ती करतो, म्हणून वहीपुरते लिहितो. खिळ्यांसारखे दुसरे संच कदाचित कोठे मिळतीलही, पण ही वही जगात एकच आहे, आणि माझ्या मते तुमच्या सामानातली सर्वात मौल्यवान वस्तू तीच आहे. एका गावाने काही दशकांत काय काय छापून घेतले, कोणत्या जातीधर्माच्या लग्नपत्रिकांत कोणता मायना होता, सोसायट्यांच्या अर्जांत काय विचारले जात असे, नाटक आणि कुस्तीच्या जाहिरातींत तिकिटांचे दर काय होते, हे सगळे कोणत्याही ग्रंथालयात एकत्र सापडणार नाही. ग्रंथालये पुस्तके जपतात, हस्तपत्रके बहुधा कोणीच जपत नाही.

पहिले काम छायाचित्रणाचे. प्रत्येक पान, कोरे असले तरी, क्रमाने टिपा. घडी घातलेली पत्रिका उघडताना मोडेल असे वाटले तर ती न उघडता टिपा आणि पुढे जा. आजोबांनी कडेला पेन्सिलने लिहिलेले आकडे, नगसंख्या किंवा दर असतील तर तेही चित्रात यायला हवेत. पत्रकांच्या तळाशी मुद्रकाचे नाव आणि ठिकाण छापलेले असेल, कारण १८६७ च्या कायद्याने छापील मजकुरावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे स्थळ देणे बंधनकारक केले होते. त्या ओळीतला पत्ता बदलला असेल तर छापखाना कधी कोठे होता तेही कळेल.

आता काय करू नये ते सांगतो. लॅमिनेशन अजिबात करू नका, ते उष्णतेने कागदात कायमचे मुरते. नवी चिकटपट्टी लावू नका आणि जुनी ओढून काढू नका. तिचा डिंक कागदात उतरून पिवळा डाग पडलेला असतो, आणि ओढल्यास पट्टीबरोबर छापील अक्षरेही निघून येतात. पाण्याचा हात लावू नका, विशेषतः रंगीत पत्रिकांना, कारण लाल आणि गुलाबी शाई व कागदाचा रंग पाण्याने पसरू शकतो. पत्रिकांवर कुंकवाची बोटे असतील तर ती पुसू नका.

पाने कडांनी मोडतात याचे कारण कागदातच आहे. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद तुरटीच्या खळीमुळे आम्लधर्मी असतो, आणि ते आम्ल हळूहळू कागदाचा तंतू तोडते. घरी ते काढता येत नाही, पण वेग कमी करता येतो. वही लोखंडी कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या स्वच्छ पेटीत आडवी ठेवा, ओल आणि ऊन यांपासून दूर ठेवा आणि स्वच्छ, धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा. मांजरपाटाबाहेर वेखंडाची पुरचुंडी ठेवायला हरकत नाही, मात्र तिचा कागदाला स्पर्श होऊ देऊ नका.

कणा सुटला आहे म्हणून वही कोणत्याही बाइंडरकडे देऊ नका. नेहमीचा बाइंडर चांगल्या हेतूने कडा यंत्रावर कापून सरळ करील, पाठीवर भरपूर डिंक ओतील आणि वही उघडता येणार नाही इतकी घट्ट करील. तुमच्या वहीत चिकटवलेल्या प्रतींमुळे पाने कण्यापेक्षा जाड झालेली आहेत, त्यामुळेच कणा फुटला. दुरुस्ती करायची तर जुज (एकत्र शिवलेले घडीच्या पानांचे गठ्ठे) एकेक करून सोडवावे लागतील, फाटलेल्या घड्यांना पातळ जपानी कागदाची पट्टी गव्हाच्या सत्त्वाच्या पातळ खळीने लावावी लागेल, आणि पुन्हा शिवताना दोन जुजांमध्ये कागदाच्या अरुंद पट्ट्या देऊन कण्याची जाडी वाढवावी लागेल. पूर्वी खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची पद्धत होती. तुमच्या वहीच्या कण्यात हिरवट छटा दिसली तर ती त्याचीच असेल. नव्या दुरुस्तीत ते वापरू नये, कारण तांब्याचा अंश कागदाला कालांतराने जाळतो. हे काम होईपर्यंत कण्यावरून रुंद सुती फीत बांधून पेटीत ठेवलेली वही आणखी बरीच वर्षे टिकेल, घाई करण्याचे कारण नाही.

कृष्णाकाठ

तिघांचेही आभार मानावे तितके थोडेच आहेत. तुमचे प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवले आणि भंगारवाल्याला तूर्त नाही म्हणून सांगितले आहे. केशींचे फोटो काढून झाले. एका केशीत उकारांची आणि मात्रांची बारीक खिळी वेगळी आहेत, म्हणजे ती डिग्रीची असावी. दुसऱ्या केशीत कु, सु, रू असे जोडलेले खिळे आहेत. काकांच्या मदतीने काचेवर ठसाही घेतला. मोठ्या मापाच्या खिळ्यांची शिरोरेषा सलग आली, पायक्याची मात्र सगळीकडे तुटक आली आहे.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. संच संग्रहालयाला द्यावा की छापणाऱ्या एखाद्या माणसाला? आणि ट्रेडलचे काय करावे? शाईच्या रुळांवरचे आवरण वितळून शाईच्या तबकडीवर ओघळले आहे.

अक्षररेखा

मी संग्रहाच्या बाजूने आहे, निदान पुड्या आणि झिजलेला पायका यांच्यापुरती. न वापरलेल्या पुड्या हा त्या वळणाचा मूळ नमुना आहे, छापायला घेतल्या की तो नमुना राहणार नाही. झिजलेला संच छपाईच्या कामाचा नाही, पण शिकवण्याच्या फार कामाचा आहे. एखाद्या कला महाविद्यालयाच्या अक्षररचना विभागाला किंवा जुन्या सार्वजनिक ग्रंथसंग्रहालयाला लेखी विचारा, आणि देताना ठशांचे कागद, केशींचे फोटो आणि छापखान्याची थोडक्यात माहिती सोबत द्या. माहितीशिवाय दिलेले खिळे कपाटाच्या तळाशी जातात.

जुना जुळारी

मोठ्या मापाच्या संचाविषयी माझे मत वेगळे आहे. शिरोरेषा सलग येणारा संच काचेमागे ठेवू नये. कोणी तरुण हाताने छपाई करू पाहत असेल तर त्याला तो वापरायला द्यावा, कारण जुळणीचा हात पाहून शिकता येत नाही, स्टिक धरूनच शिकावे लागते, आणि शिकवू शकणारे आम्ही लोक आता फार उरलेलो नाही. मिरजेला येणे मला अवघड नाही. तुमची हरकत नसेल तर तुमच्या दोन्ही केशी लावून देईन आणि जवळपासच्या ज्याला शिकायचे असेल त्याला बसवून दाखवीन.

ट्रेडल मोडीत काढू नका. नंबर टाकणे, बिलबुकांना टोचे पाडणे, घड्या पाडणे आणि पुठ्ठ्याची पेटी कापणे या कामांसाठी आजही पुष्कळ छापखाने हेच यंत्र वापरतात, त्यामुळे चालू स्थितीतल्या ट्रेडलला गिऱ्हाईक मिळते. वितळले आहेत ते सरसाचे जुने रूळ, उन्हाळ्यात ते असेच ओघळतात. रुळांचे लोखंडी दांडे काढून ठेवा, ते फेकू नका, त्यांवर रबर चढवून मिळते. तबकडीवरचा सरस कोमट पाण्याच्या फडक्याने नरम करून लाकडी पट्टीने खरवडा, पोलादी पात्याने नको, आणि लगेच कोरडे करून तेलाचा हात फिरवा. चाक फिरवून पाहण्याआधी सगळ्या तेलाच्या भोकांत तेल सोडून एक रात्र जाऊ द्या. नंतर हाताने, अगदी सावकाश, एक पूर्ण फेरा फिरवा, आणि त्या वेळी दाबपट्ट (कागद दाबणारी पाटी) आणि फर्मा (बांधलेल्या खिळ्यांची चौकट) यांच्या मध्ये कोणाचाही हात नाही याची खात्री करून घ्या.

कृष्णाकाठ

अवश्य या. जागा महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे आहे, त्यानंतर केशी आमच्या घराच्या माडीवर हलवणार आहोत. काका विचारत आहेत की केशी जिन्यावरून भरलेल्याच न्याव्यात की खिळे काढून?

जुना जुळारी

भरलेल्याच न्या, पण एका वेळी एकच, दोन माणसांनी, आडवी धरून. वरून कागद पसरून त्यावर केशीच्या मापाचा पुठ्ठा ठेवा आणि सुतळीने चौफेर बांधा. केस दिसते त्यापेक्षा फार जड असते आणि जुन्या केशीचा तळ खिळखिळा झालेला असतो, म्हणून खालून फळी लावल्याशिवाय उचलू नका. माडीचा तक्तपोस (लाकडी जमीन) जुना असेल तर सगळ्या केशी एका जागी न रचता भिंतीलगत विभागून ठेवा.